‘ही तर नुसती चित्रं आहेत’ : ‘स्टॉप इट नाऊ’च्या निनावी स्वयंसहाय्य सेवेचे परीक्षण

“मॅडम, ही तर नुसती चित्रं आहेत. यात खरं कुणीच नाही. मग रात्री दोन वाजता फोन बाजूला ठेवताना मला इतकी किळस का येते?” समुपदेशनासाठी आलेल्या एका तिशीतल्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा फोनच्या कडेवरून सारखा फिरत होता. त्यांच्या या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न होते : मी वाईट माणूस आहे का, मला काही आजार जडला आहे का, आणि उद्या पोलीस दाराशी येतील का. ते या तिन्हींचे एकच उत्तर मागत होते. काल्पनिक लैंगिक साहित्याची चिंता घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो, असा माझा अनुभव आहे. लाज, हानी आणि गुन्हा या मात्र तीन निराळ्या गोष्टी आहेत. लाज वाटते म्हणून हानी झालेली असतेच असे नाही, आणि लाज मुळीच वाटत नाही म्हणून गुन्हा घडलेला नसतो असेही नाही.

या गृहस्थांना दोन भेटींच्या मधल्या काळात घरी बसून, नाव न सांगता वापरता येईल असे काही साधन हवे होते. कुणाला काही सुचवायचे तर आधी ते आपण वापरलेले असावे, म्हणून मी दोन साधने पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरून पाहिली. एक पैसे भरून घ्यावे लागणारे ‘पॉर्नमुक्ती’चे अ‍ॅप होते, आणि दुसरी मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी चालणारी ‘स्टॉप इट नाऊ’ची विनामूल्य सेवा. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या सेवेचे आहे. पहिल्या साधनाविषयी आधी थोडे सांगते, कारण त्याची उणीव कळल्याशिवाय दुसऱ्याची किंमत नीट लक्षात येणार नाही.

त्या अ‍ॅपमध्ये दिवस मोजण्याची सोय आहे. काही पाहिले की आकडा शून्यावर येतो आणि पडदा लाल होतो. काय पाहिले हे मात्र ते कधीच विचारत नाही. दोन प्रौढ व्यक्तींची प्रणयकथा वाचली तरी लाल, आणि लहान मुलासारखी दिसणारी आकृती लैंगिक कृत्यात दाखवणारे चित्र पाहिले तरी तितकेच लाल. सुरुवातीच्या प्रश्नावलीत ‘पाहिल्यानंतर अपराधी वाटते का’ असा प्रश्न आहे, आणि ‘हो’ म्हटल्यास व्यसनाचे गुण वाढतात. ही गोष्ट मला गंभीर वाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली असून तिच्यात ‘अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार’ ही नोंद आहे. सहा महिने किंवा अधिक काळ आवेगावर ताबा राहत नाही, त्यामुळे आरोग्य, घर, काम यांची आबाळ होते आणि त्रास होत असूनही वर्तन थांबत नाही, असे तिचे स्वरूप आहे. त्याच नोंदीत असेही स्पष्ट म्हटले आहे की त्रास जर केवळ नैतिक नापसंतीतून होत असेल, तर तेवढ्यावरून हे निदान करता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स यांच्या संशोधनातही हेच दिसले आहे : स्वतःला व्यसनी मानण्याचा संबंध पाहण्याच्या प्रमाणापेक्षा पुष्कळदा ‘मी पाहतो ते पाप आहे’ या समजुतीशी अधिक असतो. थोडक्यात, अ‍ॅपने लाजेलाच आजार ठरवले आणि गुन्ह्याविषयी एक अक्षरही काढले नाही. ज्याला खरोखर थांबायला हवे आणि ज्याला केवळ संकोच वाटतो, अशा दोघांना ते एकाच रांगेत उभे करते. पहिल्याच्या बाबतीत हे धोक्याचे आहे.

‘स्टॉप इट नाऊ’चा जन्म अमेरिकेत १९९२ साली झाला. बालपणी अत्याचार सोसलेल्या फ्रॅन हेन्री यांनी ही संस्था सुरू केली. अत्याचार घडून गेल्यावर मुलाने येऊन सांगावे अशी वाट पाहण्यापेक्षा प्रौढांनीच आधी थांबावे, आणि थांबायला त्यांना मदत मिळावी, हा तिच्यामागचा विचार आहे. ब्रिटनमध्ये २००२ सालापासून लुसी फेथफुल फाउंडेशन ही धर्मादाय संस्था याच नावाने मदतवाहिनी चालवते. तिच्या संकेतस्थळावर स्वयंसहाय्याचा स्वतंत्र विभाग असून मी प्रामुख्याने त्याचेच परीक्षण करते आहे. तो उघडण्यासाठी नाव, ईमेल, खाते काहीही लागत नाही. ज्या विषयात माणूस स्वतःच्या सावलीलाही घाबरतो, त्या विषयात ही एक सोयच अर्धे काम करते.

मला सर्वांत भावली ती तिथली भाषा. वाचणाऱ्याला राक्षस म्हटलेले नाही आणि त्याची पाठही थोपटलेली नाही. कल्पनारंजन म्हणजे काय, ते वारंवार केल्याने कसे घट्ट होत जाते, कंटाळा, एकटेपणा किंवा राग आला की माणूस त्याच वाटेने कसा जातो, पाहण्यापासून साठवण्यापर्यंत तो कसा पोहोचतो आणि ‘यात कुणाचं काय बिघडतं’ ही समजूत तो स्वतःची कशी घालतो, हे सारे टप्प्याटप्प्याने उलगडले आहे आणि सोबत लिहून काढायचे स्वाध्याय दिले आहेत. कायद्याचे परिणाम काय होतात, घरच्यांवर काय ओढवते, पुन्हा तोल जाऊ नये म्हणून काय करावे, यांवरही मजकूर आहे. काल्पनिक साहित्य पाहणारा प्रत्येक जण पुढे अत्याचार करतोच, असा दावा ही सेवा करत नाही, आणि तेच योग्य आहे, कारण तसे म्हणण्याइतका पुरावा नाही. डेन्मार्कच्या न्याय मंत्रालयाने मागवलेल्या २०१२च्या एका अहवालातही, अशी रेखाटने पाहिल्याने माणसे मुलांवरील अत्याचाराकडे वळतात याचा पुरावा तज्ज्ञांना आढळला नव्हता. भीती घालण्यासाठी खोटे सांगितले की वाचणारा ते ओळखतो, आणि मग पुढचे खरेही त्याला खोटे वाटू लागते.

तरीही सर्वांसाठी खरे नाही म्हणून कुणासाठीच खरे नाही, असे होत नाही. त्या गृहस्थांना मी तिथल्या पद्धतीने एक काम दिले : पाहणे सुरू होण्याआधीचा तास कागदावर लिहायचा, काय पाहिले ते लिहायचे नाही. त्यांनी आणलेला कागद माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. ‘साडेअकरा – साहेबांचा मेसेज, उत्तर दिलं नाही. पावणेबारा – बायको झोपली. बारा – नुसतं स्क्रोल. सव्वाबारा – नेहमीचं पान, काही वाटलं नाही. साडेबारा – दुसरा टॅग.’ टॅग म्हणजे चित्रे शोधण्यासाठी टाकायचा शब्द. या ‘काही वाटलं नाही’ आणि ‘दुसरा टॅग’ यांच्यातल्या पंधरा मिनिटांकडे त्यांचे स्वतःचे लक्ष कधीच गेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते ज्या चित्रांवर थांबत, त्यांतली पात्रे प्रौढ होती. टॅग बदलत गेले तशी पात्रे लहान होत गेली, आणि प्रत्येक वेळी ‘चित्रच तर आहे’ या एका वाक्याने त्यांनी पुढची पायरी ओलांडली. हानी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण मला इथेच दिसते. एखाद्या दिवशी आपण काय पाहिले यापेक्षा आपली नजर कोणत्या दिशेने सरकत आहे, हे पाहायला हवे. काल ज्याने मन भरत होते त्याने आज भरत नाही, आणि आज जे शोधले जाते ते सहा महिन्यांपूर्वी आपल्यालाच नको वाटले असते, असे असेल तर थांबून मदत घ्यायची वेळ आलेली असते, मग तिथला कायदा काहीही म्हणो.

आणखीही काही खुणा आहेत. पडद्यावरच्या पात्राच्या जागी ओळखीचा चेहरा येऊ लागणे, विशेषतः नात्यातल्या, शेजारच्या किंवा शिकवणीला येणाऱ्या मुलाचा, ही त्यांतली सर्वांत गंभीर खूण आहे. ती जाणवल्यावर माणसाने एक दिवसही वाट पाहू नये आणि त्या मुलासोबत एकटे राहणे तत्काळ टाळावे. जोडीदाराजवळ असतानाही मनात तेच चित्र आणल्याशिवाय काही होत नाही, झोप आणि काम त्यापायी जात आहे, फाइलींना खोटी नावे दिली जात आहेत, चित्रे कुणाशी तरी अदलाबदल होऊ लागली आहेत, याही खुणाच आहेत. अदलाबदलीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण काल्पनिक चित्रांच्या गटात शिरलेल्या माणसाला तिथेच कुणीतरी खऱ्या मुलांचे साहित्य देऊ करतो, आणि ‘फक्त चित्रं’ म्हणणारा एका संध्याकाळी पलीकडे गेलेला असतो.

आता गुन्ह्याकडे वळते. सेवेची एक मर्यादा इथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे : तिने दिलेला कायदा ब्रिटनचा आहे, आणि तिचा बराचसा मजकूर प्रत्यक्ष मुलांच्या छायाचित्रांभोवती आहे. रेखाटने, अ‍ॅनिमे (जपानी कार्टूनपट), मांगा (जपानी चित्रकथा), कथा, संगणकीय प्रतिमा यांच्याविषयीची चिंता घेऊन येणाऱ्याला आपला प्रश्न त्यातून निवडून काढावा लागतो. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना जे समजावते, ते इथे थोडे सविस्तर मांडते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये छायाचित्रांसाठी १९७८चा बालसंरक्षण कायदा आहे. १९९४ साली त्यात छायाचित्रासारख्या दिसणाऱ्या बनावट प्रतिमाही आणल्या गेल्या, त्यामुळे संगणकाने तयार केलेली पण छायाचित्र वाटावी अशी प्रतिमा ‘काल्पनिक’ या सबबीखाली सुटत नाही. रेखाटनांसाठी २००९च्या कायद्यातले कलम ६२ असून ते ६ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि अशी निषिद्ध चित्रे नुसती जवळ बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अर्थात मुलाचे कुठलेही चित्र त्यात येत नाही : चित्र अश्लील हेतूचे असले पाहिजे, अत्यंत आक्षेपार्ह असले पाहिजे आणि कायद्यात नमूद केलेली कृत्ये किंवा विशिष्ट अवयवांवरचा रोख त्यात असला पाहिजे. याच कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. काही शारीरिक लक्षणे मुलाची नसली, तरी चित्र पाहून उमटणारा प्रमुख ठसा मुलाचा असेल, तर ते मुलाचेच चित्र धरले जाते. ‘कथेत ती हजार वर्षांची आहे’ हा युक्तिवाद मी कितीतरी तरुणांच्या तोंडून ऐकला आहे. कायदा कथेतले वय विचारत नाही, डोळ्यांना काय दिसते ते विचारतो.

अमेरिकेत वळण निराळे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, ज्यात खरे मूल नाही अशा आभासी प्रतिमांवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि पुष्कळ जण अजूनही तेवढेच वाचून निश्चिंत राहतात. पुढच्याच वर्षी, २००३ साली, आलेल्या कायद्याने रेखाटन, कार्टून, शिल्प, चित्र या सर्वांना, ते ‘अश्लील’ या कसोटीला उतरत असतील तर, पुन्हा कक्षेत आणले आणि दाखवलेले मूल प्रत्यक्षात अस्तित्वात असण्याची गरज नाही असे त्यात लिहिले. कॅनडात दृश्य साहित्याबरोबर लिखित मजकूरही गुन्ह्यात येऊ शकतो. मात्र २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, स्वतः लिहिलेले किंवा काढलेले आणि केवळ स्वतःपुरते ठेवलेले काल्पनिक साहित्य वगळले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की प्रसिद्ध कार्टून मालिकेतली पात्रेही कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ ठरू शकतात. जपानने खऱ्या मुलांचे साहित्य बाळगणे २०१४ साली गुन्हा ठरवले, पण मांगा आणि अ‍ॅनिमे त्यातून बाहेर ठेवले. एका देशात दुकानात विकले जाणारे पुस्तक दुसऱ्या देशाच्या विमानतळावर पुरावा ठरू शकते, याचे कारण हे आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब २००९पासून लागू आहे. ते केवळ चित्रफिती प्रसारित करणाऱ्यांसाठी आहे असा समज आढळतो, पण मुलांना लैंगिक किंवा अश्लील रीतीने दाखवणारा मजकूर वा डिजिटल प्रतिमा तयार करणे, गोळा करणे, शोधणे, चाळणे, डाउनलोड करणे हे शब्द त्या कलमातच आहेत, आणि पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विज्ञान, साहित्य, कला यांच्या हितासाठी समर्थनीय ठरणाऱ्या प्रकाशनांना कायद्याने अपवाद दिला आहे, त्यामुळे अत्याचाराविषयी गंभीरपणे लिहिलेली कादंबरी वाचणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पॉक्सो कायद्यात २०१९ साली जी व्याख्या घातली गेली, तिच्यात खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी संगणकनिर्मित प्रतिमा, आणि घडवलेली किंवा बदललेली पण मूल असल्याचे भासवणारी प्रतिमाही येते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डाउनलोड न करता आपल्या नियंत्रणात ठेवून पाहणे हेही बाळगण्यासारखे ठरू शकते, हे स्पष्ट केले आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच टाळून त्याऐवजी शोषण आणि अत्याचार दाखवणारे शब्द वापरण्यास सांगितले. शब्द बदलल्याने पाहणाऱ्याला निदान एवढे कळते की आपल्यासमोर करमणूक नसून कुणावर तरी झालेला अत्याचार आहे.

कोणता देश काय म्हणतो याची तपासणी वकिलाकडे करावी, समुपदेशकाकडे नव्हे, आणि ज्याच्या फोनमध्ये संशयास्पद साहित्य आधीच आहे त्याने तर नक्कीच. पण दोन गोष्टी अशा आहेत की ‘काल्पनिक’ हा शब्द तिथे लावूच नये. एक म्हणजे खऱ्या माणसाचा चेहरा. ओळखीच्या स्त्रीचा फोटो घेऊन एआयने तिचे नग्न चित्र बनवले, तर त्यात कल्पना बनवणाऱ्याची असली तरी अपमान त्या स्त्रीचाच होतो. ब्रिटनच्या २०२३च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने अशी चित्रे संमतीशिवाय पसरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि अमेरिकेनेही मे २०२५मध्ये तसा कायदा केला. दुसरी गोष्ट एआयने बनवलेल्या मुलांच्या प्रतिमा. इंटरनेटवरील बालअत्याचाराच्या प्रतिमा हटवण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील इंटरनेट वॉच फाउंडेशन या संस्थेने ऑक्टोबर २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, डार्क वेबवरच्या (इंटरनेटच्या ओळख लपवून वापरल्या जाणाऱ्या भागातल्या) एकाच ठिकाणी एका महिन्यात २०,२५४ एआय प्रतिमा टाकल्या गेल्याचे नोंदवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांना, चित्रनिर्मितीच्या एआयला शिकवण्यासाठी वापरल्या गेलेल्या एका प्रचंड सार्वजनिक संचात खऱ्या बालअत्याचाराच्या एक हजारांहून अधिक प्रतिमांचे दुवे सापडले. म्हणजे ‘यात खरं कुणीच नाही’ हे वाक्य एआयच्या चित्राबाबत अनेकदा खोटे असू शकते : कुठल्यातरी मुलीवर झालेला अत्याचार त्या यंत्राच्या शिकवणीत विरघळलेला असतो आणि पाहणाऱ्याला तो ओळखता येत नाही.

एक प्रसंग यांपेक्षाही सरळ आहे आणि त्यात कुठलाही संभ्रम नको. जे रेखाटन प्रौढाने एकट्याने पाहणे एखाद्या देशात कायदेशीर असेल, तेच मुलाला दाखवले की तो अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा होतो. भारताच्या पॉक्सो कायद्यातही लैंगिक हेतूने मुलाला असे काही दाखवणे लैंगिक छळात मोडते. मुलांना जाळ्यात ओढणारे पुष्कळदा आधी कार्टूनच दाखवतात, कारण ओळखीची पात्रे तसे करताना पाहिली की मुलाला ते नेहमीचेच वाटू लागते.

पुन्हा सेवेकडे येते. तिच्या मदतवाहिनीवर नाव न सांगता बोलता येते, आणि गोपनीयतेची मर्यादा कुठे संपते हेही ती आधीच सांगते : एखादे मूल धोक्यात असल्याची किंवा गुन्हा घडल्याची ओळख पटेल अशी माहिती दिली गेली, तर ती पुढे कळवली जाते. काही जणांना हे वाचून फोन करू नये असे वाटेल, पण मला या स्पष्टपणामुळेच सेवेविषयी विश्वास वाटला. फसवून बोलते करण्यापेक्षा आधी अट सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. फोन करणारे सगळे स्वतःविषयीच बोलतात असेही नाही. पती, पत्नी, आई-वडील आणि माझ्यासारखे व्यावसायिकही तिथे विचारू शकतात. किशोरवयीनांसाठी त्याच संस्थेने ‘शोअर’ नावाचे वेगळे संकेतस्थळ ठेवले आहे, आणि ते वेगळे ठेवले हे फार बरे झाले. स्वतःच्याच वयाच्या पात्रांची चित्रे शोधणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि तीच चित्रे शोधणारा पस्तीस वर्षांचा माणूस यांच्यासाठी एकच पान लिहिता येत नाही.

संस्थेचे आणखी एक काम इथे नोंदवण्याजोगे आहे. मार्च २०२२मध्ये तिने इंटरनेट वॉच फाउंडेशनसोबत पॉर्नहबच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावर ‘रीथिंक’ नावाचा चॅटबॉट बसवला. कुणी मुलांशी संबंधित शब्द टाकून शोध घेतला की तिथेच सूचना येत असे आणि मदत कुठे मिळेल ते सांगितले जात असे. टास्मानिया विद्यापीठाने केलेल्या मूल्यमापनात, २०२४ साली, असे शोध कमी होत गेल्याचे नोंदवले गेले. बोट सर्चच्या खिडकीवर असतानाच कुणीतरी ‘थांबा’ म्हणावे, ही गोष्ट त्या गृहस्थांच्या साडेबाराच्या नोंदीशी मी जुळवून पाहिली तेव्हा तिचे मोल मला कळले. त्या क्षणी त्यांना थांबवायला कुणीही नव्हते.

उणिवा आहेतच. मजकूर इंग्रजीत आहे. घाबरलेला माणूस मातृभाषेतही नीट वाचू शकत नाही, परक्या भाषेत तर त्याच्या हाती फक्त ‘तुरुंग’ आणि ‘पोलीस’ हे शब्द लागतात. मी दोन प्रकरणे स्वतः मराठीत वाचून दाखवली तेव्हा कुठे त्यांचा अर्थ पोहोचला. फोनसेवा मुख्यतः ब्रिटनमधल्या लोकांसाठी आहे. पाने दीर्घ आहेत, आणि काल्पनिक साहित्याबद्दल जे सांगायचे ते एका ठिकाणी, नीट मांडून मिळायला हवे होते. ज्यांना इंग्रजी जड जाते, त्यांच्यासाठी बर्लिनच्या शारिते रुग्णालयाची ‘ट्रबल्ड डिझायर’ ही ऑनलाइन सेवा अनेक भाषांत आहे. मुलांविषयी लैंगिक ओढ जाणवणाऱ्यांना गुन्हा घडण्याआधी उपचार देणारा ‘डुंकेलफेल्ड’ प्रकल्प त्याच रुग्णालयाने २००५ साली सुरू केला होता, आणि त्या अनुभवावर ती उभी आहे. तिचा रोख मात्र थेट मुलांविषयीच्या ओढीवर आहे. केवळ सवय वाढल्याची चिंता असलेल्याने आधी ‘स्टॉप इट नाऊ’ उघडावे.

ही सेवा मी कुणाला सुचवीन? ज्याची नजर सरकत चालली आहे त्याला, आणि ज्याला आपण कुठे उभे आहोत हेच कळेनासे झाले आहे त्याला, निःसंकोच सुचवीन. प्रौढांविषयीचे, संमतीचे, सर्वांना ठाऊक असलेल्या मर्यादेतले साहित्य वाचून ज्याला केवळ लाज वाटते, त्याला ही सेवा उपयोगाची नाही आणि त्याने तिथे जाऊन उगाच स्वतःला गुन्हेगारांच्या यादीत बसवू नये. त्याच्यासाठी एखाद्या समंजस डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी अर्धा तास मोकळेपणाने बोलणे पुरेसे आहे.

ते गृहस्थ चौथ्या भेटीला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वहीचे पान होते आणि त्यावर तीन रकाने आखलेले होते. लाजेच्या रकान्यात त्यांनी बरेच काही लिहून नंतर त्यातले निम्मे खोडले होते. हानीच्या रकान्यात झोप, बायकोशी तुटलेले बोलणे आणि ‘टॅग’ एवढेच होते. तिसऱ्या रकान्यात दोन संकेतस्थळांची नावे होती, आणि त्यांच्यासमोर वकिलांना भेटायची तारीख. फोन या वेळी खिशातच होता. उठताना त्यांनी विचारले, “मॅडम, त्यांच्या साइटवर घरच्यांसाठी जे पान आहे, ते मी हिला वाचायला देऊ का?” मी म्हटले, आधी तुम्ही तिच्याशी बोला, मग द्या. त्यांनी ती लिंक कागदावर लिहून घेतली आणि कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला.